एक्सल पिळू नये म्हणून

४ फेब्रुवारी

फोन आला. त्याचा! तीन महिन्यांनी! आणि विचारलं काय, तर गाडीची मागची थडथड बंद करता येईल का. तू कशी आहेस, बाबांचे गुडघे कसे आहेत — काही नाही. नवऱ्याचा बायकोला पहिला प्रश्न मागच्या एक्सलचा.

म्हटलं, येईल की. दांडे बनवून लावते. मग म्हणाला, लाव, गाडी ड्रायव्हरबरोबर पाठवून देतो, तेवीसला येऊन नेतो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी हसत होते. माझीच मला लाज वाटली.

५ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. बाबांनी जन्मभर ट्रक चालवला, आता गुडघे गेले म्हणून वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि मुकादमी करतात. म्हणाले, जो घराला लाथ मारून गेला त्याच्या गाडीला आधार कशाला देतेस? मी म्हटलं, गाडी माझीपण आहे. भंगारातून उभी केली ती दोघांनी — इंजिन त्याचं, वेल्डिंग माझं. वाटणीत वर्कशॉप मला आलं, गाडी त्याला. पण केबिनचा एकेक पत्रा माझ्या हातचा आहे.

जाताना तो एवढंच म्हणाला होता की वर्कशॉपमध्ये जीव घुसमटतो, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायचीय. शेजारणी अजून आडून आडून विचारतात, दुसरी कुणी आहे का गं? मी सांगते, आहे ना! सहा चाकांची!

खरं सांगायचं तर मला त्यातच धीर वाटतो. बाईसाठी गेलेला माणूस परत येत नाही. रस्त्यासाठी गेलेला येतो. पाठ दुखायला लागते, बाहेरचं खाऊन पोट बिघडतं, मग घर आठवतं. बाबाही असेच यायचे.

८ फेब्रुवारी

दिवसभर गाडीखाली. दुखणं जुनंच आहे. माल भरून चढावर गाडी उचलायला गेलं की चाकं पुढे जायच्या आत एक्सलच जागच्या जागी पिळतो. स्प्रिंगचे पाटे वाकतात, मग सुटतात, परत वाकतात — म्हणून ती थडथड. दोनदा शाफ्टचा जॉइंट तुटलाय. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा मी शेजारी बसले होते. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं होतं, मग गाडीकडे. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंना एकेक जाड पाइप, एक टोक एक्सलला घट्ट, दुसरं पुढे चासीला. म्हणजे एक्सलला पिळायला वावच नाही. मात्र पुढचं टोक झुलतं ठेवायचं, नाहीतर पाटे हलायचे थांबतात आणि गाडी दगडासारखी आपटते.

सवत म्हणतात तिला सगळे, आणि मी तिचीच पाठ चोळत बसलेय! देवा!

११ फेब्रुवारी

झुलत्या टोकात बसवायचे बुश लेथवाल्याकडून कातून आणले. चांगले कातलेत, कुठे खरखर नाही. त्याने विचारलं, शेठ आले का परत? मी म्हटलं, येतायत तेवीसला. खोटं कुठे बोलले?

१२ फेब्रुवारी

आज काहीच केलं नाही. ग्राइंडर नुसता चालू ठेवला आणि रडले. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

१५ फेब्रुवारी

झालं! दोन्ही दांडे बसले. दांडे चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटची वेल्डिंग अशी आलीय की हात फिरवत बसावंसं वाटतं. चासी स्टँडवर उंच उचलून घेतली होती, त्यामुळे खाली ऐसपैस जागा मिळाली. एकटीने केलं सगळं. त्याच्यावाचून अडतं असं कोण म्हणतो?

१६ फेब्रुवारी

अडतं.

गाडी स्टँडवरून खाली घेतली आणि दांडे तिरके होऊन बसले. झुलतं टोक झुलतंय कुठे, एका अंगाला चेपून गच्च. बॉडीवर चढून उड्या मारल्या तरी पाटे हलेनात.

बाबा काठी टेकत आले, वाकले आणि बघतच राहिले. मग म्हणाले, "पाय हवेत धरून चपलेचं माप घेतलंस होय गं?"

अगदी तेच केलं होतं मी. एक्सल खाली लोंबकळत होता आणि मी त्या मापाने ब्रॅकेट जोडले. गाडीचा भार आधी चाकांवर सोडायचा, पाटे बसू द्यायचे, मगच पक्की वेल्डिंग. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला का नाही आठवलं? कारण भार सोडायचं काम कायम त्याचं होतं. मी खाली वेल्डिंगचा होल्डर धरून पडलेली असायचे, तो जॅकपाशी. तो म्हणायचा, "सोडतोय." मी म्हणायचे, "सोड." माझ्या डोक्यात कामाची सुरुवात त्यानंतरच व्हायची. त्याच्या आधी काय असतं ते मी कधी शिकलेच नाही.

बाबांसमोरच रडू फुटलं. त्यांनी स्वतः जाऊन चहा टाकला, त्या गुडघ्यांनी.

१७ फेब्रुवारी

ब्रॅकेट कापून काढले. इतकी देखणी वेल्डिंग, आपल्याच हाताने.

१८ फेब्रुवारी

आता परत करायला अर्धा दिवस पुरेल. जॅक मलाही येतो की खाली करता. पण नाही करणार! तेवीसपर्यंत तसंच ठेवणार. येऊ दे त्याला, सोडू दे भार. निदान एक दिवस तरी थांबावं लागेल. बाबांना कळलंय माझं कारस्थान. म्हणाले, अतिशहाणी. पण हसले नाहीत.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

आला होता. बारीक झालाय. इस्त्रीचा शर्ट! दांडे अजून जोडलेले नाहीत म्हटल्यावर कपाळाला आठी पडली. मग माझा जुना डगला चढवला आणि न सांगता जॅकपाशी जाऊन बसला.

"सोडतोय."

"सोड."

गाडी हळूच बसली. दांडे आपोआप सरळ झाले, झुलतं टोक मधोमध आलं. मी मास्क खाली ओढला तो वेल्डिंगसाठी नाही, डोळे दिसू नयेत म्हणून. मग दुसऱ्या बाजूला तो माझ्या शेजारी आडवा पडून पाइप धरून राहिला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्याने काढून घेतला नाही. मीही नाही.

दुपारी समोरच्याकडून खडी भरून घेतली आणि मागच्या चढावर नेली. मध्येच थांबवून परत उचलली. काही नाही! पाण्याने भरलेला पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. तो स्टीअरिंगवर थाप मारून पहिल्यासारखा हसला. म्हणाला, तुझ्या हाताला तोड नाही. खाली उतरून दांड्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. आमच्या लग्नातसुद्धा एवढे निघाले नव्हते.

जेवला. बाबांनी स्वतःहून त्याला वाढलं. तो बेसिनपाशी हात धुवायला उठला तेव्हा मी विचारलं, "जायलाच हवं का रे?"

पाठमोराच होता. म्हणाला, "हो गं. रस्त्यावरच बरं वाटतं मला."

मग मी नुसतं कामाचं बोलले. आठवडा-दोन आठवडे भरून चालव, नवे बोल्ट बसतात, नट जरा ढिले होतात. ते आवळावेच लागतात. इथेच आण, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. त्याने मान हलवली.

गाडी फाटकातून गेली तेव्हा काही वाजलं नाही. पूर्वी निघताना थडथडायची. मागून आवाज येत राहायचा.

२४ फेब्रुवारी

घर केवढं मोठं आहे!

१ मार्च

बाबांनी विचारलं, सगळा वेळ फाटकाकडे काय बघतेस? म्हटलं, गिऱ्हाईक.

मला माहीत आहे की नट काय कुठलाही मेकॅनिक आवळेल. त्यालाही माहीत आहे. पण त्याने मान हलवली होती. नाही म्हणायचं असतं तर तिथेच म्हणाला असता, तो काही भिडस्त नाही. आला की या वेळी भांडणार नाही. वर्कशॉप सकाळी, गाडी आठवड्यातून चार दिवस — असं काहीतरी जमेल. सगळं मनात मांडून ठेवलंय. त्याला मोकळं राहायचंय ना, राहू दे. फक्त परत यावं.

६ मार्च

नाही आला. नट आवळायचे दोन्ही पाने, एकवीसचा आणि चोवीसचा, पुसून ठेवलेत.

९ मार्च

हॉर्न वाजला. आमच्याच गाडीचा. हातातलं टाकून धावले. केस सारखे करायलासुद्धा थांबले नाही.

उतरला तो कुणी दुसराच. साधा, भला माणूस. म्हणाला, "ताई, दांड्यांचे नट आवळायचेत. आधीच्या मालकांनी सांगितलं, इथे करून मिळतील." गाडी कधी घेतली विचारलं. म्हणे, फोटो आले, पसंत पडली, चोवीसला सकाळीच दारात आणून दिली. ते आता कुठल्याशा ऑफिसात लागलेत, गाडीचा फार कंटाळा आला होता म्हणे त्यांना.

नट आवळून दिले.

रस्त्यासाठी नव्हता गेला तो.