पाणकोंबडीचा फोटो पाठवत नाहीये

बाबा, वाकून नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतंय. पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप मात्र मी सोडला; इथे ओळखीचे तेवढेच होते.

उन्हाळा सरत आलाय, तळं पार आटलंय. रविवारी पाणकोंबडी गवतातून बाहेर येईना, म्हणून ग्रुपच्या मास्तरांनी स्पीकरवर दुसऱ्या नराचा आवाज लावला. इथला नर पिल्लं सोडून स्पीकरवर धावून आला, चोची मारत बसला. तेवढ्यात घारीनं एक पिल्लू उचललं.

"निसर्ग आहे हा. फोटो मिळाला ना? मग झालं की," म्हणत मास्तरांनी वहीत टिक केली.

शिसारी आली. स्वतःची जास्त, कारण फोटो मीही काढला.

तुमचा गुडघा कसाय? आईनं विचारलं तर सांगा, इथे मला मैत्रिणी भरपूर आहेत.

तुमची,
धाकटी