मुसाफिराने पूल ओलांडला

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. कानाबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे कानातलं मशीन परत डब्यात पडलेलं दिसतंय. म्हणूनच फोन करत नाही. केला तरी तुझ्याआधी काकांना ऐकू जाईल. व्हिडिओ गेम दुरुस्तीचं आपलं दुकान तुला ठाऊकच आहे. एक टेबल, दोन स्टुलं. मी भिंतीकडे, काका वाटेकडे. मला बाहेर पडायचं तर आधी त्यांनी उठायचं. सहा वर्षांची असताना पडू नये म्हणून त्यांनी मला आत बसवलं, अक्षरं शिकवली तीही सुट्या भागांच्या खोक्यांवरची. आता चोवीस पूर्ण झाली, जागा तीच.

एक सांगते, पण कुणाकडे बोलू नकोस, माझी शपथ आहे. गेल्या हिवाळ्यापासून काकांचा हात थरथरतो. सोल्डरिंगची सुई जागेवर राहत नाही. ते दुपारी जेवायला घरी जातात, तेवढ्यात त्यांच्या टोपलीतले गेम मी दुरुस्त करते आणि होते तसे परत ठेवते. ते येतात, चष्मा लावतात, एकेक उचलून म्हणतात की हा तर मी सकाळीच केला होता. गिऱ्हाईकं त्यांच्या हाताचं कौतुक करतात आणि मी खाली मान घालून स्क्रू मोजते.

आपली रीत तुला आठवत असेल. दुरुस्त झालेला गेम आपल्या जुन्या कॅसेटवर दहा मिनिटं खेळून मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. ज्याने दुरुस्त केला त्यानेच खेळायचं, कॅसेटमध्ये ज्याचा त्याचा खेळ जपून राहतो त्या आपापल्या रकान्यातून. वरचा रकाना काकांचा, खालचा माझा. काकांच्या वाटणीचं काम मी केलं की वरच्या रकान्यातून खेळते. हे खोटं आहे, मला कळतं. पण दुसऱ्याच्या नावावर खेळायचं तर निदान हयगय करू नये, म्हणून जीव लावून खेळते.

आणखी एक. परगावच्या त्या संस्थेने मला घेतलंय. दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायला शिकवतात, दोन वर्षं तिथेच राहायचं. वीस तारखेपर्यंत उत्तर टपालात पडायला हवं. त्यांचं पत्र टेबलावरच्या रबरी चटईखाली आहे. मी त्यावरच काम करते. गेले तर आठवड्यात काकांचा हात उघडा पडेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काय करू?

माया आहे तेवढी राहू दे. वाढलीच तर मी नको म्हणणार नाही.

तुझी,
चिमटी

९ जून

ती. ताईस,
सा. न.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. हात ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले की आता हे असंच चालायचं. खरं तर दुकानाला कुलूप लावून पायरीवर उन्हात बसावं असं फार वाटतं. पण चिमटीचं काय करू? दादा-वहिनींच्या मागे तिला मी हेच एक शिकवलं. टेबलापलीकडे तिला जगच नाही. दुकान बंद केलं तर पोरगी कोमेजेल.

माझी कामं तीच करते आणि चोरासारखी टोपलीत परत ठेवते. मला कसं कळलं, ऐक आणि हस. आपल्या कॅसेटमधला मुसाफिर वीस वर्षं तुटक्या पुलाच्या अलीकडे उभा होता. मला ती उडी कधी जमली नाही. मी सगळ्यांना सांगायचो की मुसाफिराला तिथली हवा मानवते. हिवाळा सरताना एकदा गेम लावला तर गडी पूल ओलांडून, डोंगर चढून, पलीकडच्या गावात कंदील घेऊन उभा! चोरी केली तीही इतकी मन लावून.

मी गप्प बसलो. तिला कामाचा आनंद आहे, तो का मोडू? म्हणून रोज दुपारी जेवणाचं निमित्त करून उठतो, घरी जाऊन तासभर भिंतीकडे बघत बसतो. मला भूक तरी कुठे असते! हे तिला कळू देऊ नकोस. तुला माझी शपथ.

तुझा लोभ आहेच, म्हणून तर तुझ्याकडेच रडतो.

तुझा भाऊ

१४ जून

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

मशीन डब्यातच आहे. कानात घातलं की शेजारीण ऐकू येते.

तुम्ही दोघांनी मला शपथांनी बांधून कोपऱ्यात बसवलंय. तोंड उघडावं तर एकाला पाप लागतं, मिटावं तर दोघांना. म्हणून मी सांगत काहीच नाही, नुसतं विचारते. वरच्या रकान्यातून जीव लावून खेळतेस ना? मग तो मुसाफिर आता कुठवर पोचला? आणि तुझ्या काकाने त्याला वीस वर्षांत कुठवर नेला होता? दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडून बघ.

तुझ्या काकालाही मी एक प्रश्न धाडलाय. तुमच्या घराण्यात शहाणपण उदंड, तोंड मात्र कुणालाच दिलेलं नाही.

जेवत जा. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडे जास्त.

आत्या

१८ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला स्क्रू खाली पडला, तो अजून सापडलेला नाही. पूल! मला पूल दिसलाच नाही. एक उडी होती, मी मारली. म्हणजे त्यांना केव्हापासूनच माहीत होतं, आणि तरी ते चष्मा लावून माझ्यासमोर तेच नाटक करत राहिले.

आज बोलायचं ठरवलं होतं. दिवसभर आम्ही कोपराला कोपर लावून बसलो. मी म्हटलं की कॅसेटमधली बॅटरी उतरत आली आहे, ती गेली तर जपलेला खेळ पुसला जाईल. ते म्हणाले की हो, बदलायला हवी. एवढंच बोललो. आता वाटतं, ते माझ्यासाठी दुकान उघडतात, मी त्यांच्यासाठी आत बसते, आणि उठून वाट देणं कुणाकडूनच होत नाही.

शेवटी मी संस्थेला नकार लिहिला. नाव-पत्ता तीनदा तपासला. पाकीट टपालाच्या गठ्ठ्यात ठेवलंय, काका उद्या टाकतील. वाईट वाटून घेऊ नकोस. रडले नाही, फक्त चटईखालची जागा आता सपाट लागते.

मला विसरू नकोस, इतकंच मागणं.

तुझी,
चिमटी

१९ जून

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हाताच्या अंतरावर बसून पत्र लिहितोय, हसू नकोस. तोंडाने सांगायला गेलो तर बॅटरीबद्दलच बोलेन.

ताईने एवढंच विचारलं होतं की पोरीला वीस तारखेची भीती का वाटते. तुला विचारलं असतं तर छे म्हणाली असतीस. आणि टपालाच्या गठ्ठ्यात त्या संस्थेच्या पत्त्याचं पाकीट दिसलं. मी ते फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं पत्र वाचलं, आणि ते माझ्याचमुळे लिहिलेलं निघालं.

तू दुपारी सुटे भाग आणायला गेलीस तेव्हा मी कॅसेट उघडली. तू जाताना ती सोबत द्यावी, तुझा रकाना तरी जपावा असं मनात होतं. तुला शिकवलं तसंच केलं, नवी बॅटरी आधी जोडायची आणि मगच जुनी काढायची. हात हलला. दोन्ही रकाने कोरे झाले. तुझ्या बारा वर्षांचा खेळ गेला, त्याबद्दल माफी मागतो. माझा गेला त्याचं दुःख नाही. पुलापलीकडचा मुसाफिर माझा नव्हताच.

दारावर पाटी लावली आहे की इथे सोल्डरिंग होणार नाही, बॅटऱ्या आणि बटणं मिळतील. पहिल्या गिऱ्हाइकाने कारण विचारलं. मी हात पुढे करून दाखवला. तो बिचारा ओशाळला आणि चार बटणं घेऊन गेला. एवढ्याला आपण सहा महिने घाबरत होतो!

तुझं पाकीट टाकलेलं नाही. माझ्या खणात आहे, हवं असेल तर माग. शेजारी कोरा कागदही ठेवलाय. काय लिहायचं ते तुझं तू ठरव, फक्त माझ्या नावावर लिहू नकोस.

माझं स्टूल बाहेर पायरीवर नेलंय, उन्हात. आता आतून निघताना कुणाला उठवावं लागणार नाही.

तुझा,
काका