जास्तीचा हात

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार

माझा नंबर लागला! जेवणाच्या सुट्टीत मोडेम किंचाळून किंचाळून एकदाचा लागला, तर नागपूरच्या अक्षयची मेल — इंग्रजी अक्षरांत मराठी, वाचताना जीभ अडखळते — ‘सुषमाताई, या खेपेचा फोटो तुमचा.’

आमचं मंडळ म्हणजे गंमतच आहे. आठ-नऊ जण. कोणी नागपूरचं, कोणी पुण्याचं, एक जण चक्क दुबईत. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. एकानं एक साधा फोटो धाडायचा, बाकीच्यांनी कॉम्प्युटरवर त्याचं काय हवं ते करायचं, मग मतं द्यायची. बक्षीस नाही, नुसती चिडवाचिडवी. मागच्या खेपेला पुण्याच्या पल्लवीनं एका म्हशीला चंद्रावर नेऊन बांधलं! खुंटा, दावं, सगळं. हसून पोटात दुखलं.

नियम एकच. फोटो देणाऱ्यानं स्वतः त्याला हात लावायचा नाही.

शेठ दारातून, ‘‘बेन, फोन क्यारे छूटशे?’’ सुटला म्हटलं. शेठ भला माणूस. दिवसभर कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ आणि बुट्टे बसवून दिले की सुट्टीत मशीनवर काय करते ते विचारत नाही.

९ फेब्रुवारी

कुठला फोटो द्यावा? शेठच्या दुकानाचा? तापीच्या पुलाचा? ते काय, कोणीही देईल.

घरी फोटो असे किती — एक! देव्हाऱ्यामागे ठेवलेला. माय स्टुडिओत खुर्चीवर बसलेली, मांडीवर सूप, सुपात मी. दीड-दोन महिन्यांची, बोळकं उघडून हसतेय. मायचा पदर कपाळावर ओढलेला, मान माझ्याकडे, म्हणून चेहरा धड दिसत नाही. मागे पानांच्या नक्षीचा पडदा. लहानपणापासून बघतेय, पण बाळाला सुपात घालून कोणी फोटो काढतं का, हा प्रश्न मला आज पडला! पंचविसाव्या वर्षी. धन्य.

‘‘माय, केवढी बारीक होतीस गं तू!’’ म्हटलं. ती भाकरी थापत होती. पिठात बुडालेले हात, अंगठ्याच्या मुळाशी गोंदण, चार कोपऱ्यांत चार ठिपके आणि मधे एक, पिठातून निघायचं नि परत बुडायचं. नुसती हसली. ‘‘लयी जाय. पन लवकर लयी ये.’’ ने, पण लवकर आण.

तेवढ्यात शेजारच्या सरलाबाई दळणाचं भांडं मागायला आल्या. ‘‘पोरगी हुशार निघाली हो तुमची. कॉम्प्युटरवर बसते.’’ झालं! मायचं ठरलेलं — ‘‘मनी कसानी? लोकेसनी आंडेर शे. मी नुसती सांभाळस.’’

लोकांची मुलगी. आजवर किती वेळा ऐकलं असेल. शाळेत नंबर आला तेव्हा, पहिला पगार आणला तेव्हाही. लोक हसतात. पूर्वी मीही हसायचे. आज नाही हसले. एकदा तरी, थट्टेत का होईना, ‘मनी आंडेर’ म्हणावं की नाही?

१० फेब्रुवारी

स्कॅन केला. शी! पंचवीस वर्षांची धूळ, ओरखडे, उदबत्तीचा धूर. सुपाच्या कडेला तर ठिपके असे बसलेले की धूळसुद्धा रांगोळी काढते की काय! सगळे साफ केले. फोटोला हात लावायचा नाही हे मान्य, पण धूळ झटकणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर केर काढतोच ना आपण?

पाठवला. अर्धा तास फोन अडकला. शेठ दोनदा खोकून गेले.

१५ फेब्रुवारी

आले! सगळ्यांचे आले!

दुबईवाल्यानं सुपाची होडी केली, मी समुद्रात. अक्षयनं मायच्या साडीला असा गुलाबी रंग चढवला की आमच्या शेठनं पाहिला असता तर तिथल्या तिथे ऑर्डर दिली असती. पल्लवीनं मायला उचलून जात्याशी बसवलं, सूप बाजूला, मी त्यात खिदळतेय, आणि खाली लिहिलं, ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात.’ माझं मत तिलाच.

पण प्रत्येकाचा एकच प्रश्न. बाळ सुपात का?

मला ठाऊक असतं तर!

१७ फेब्रुवारी

अक्षय म्हणतो मी नियम मोडला! ‘सुषमाताई, चलाखी पकडली. फोटो तुम्ही आधीच एडिट केलाय. हात मोजा.’

काय वेडा मुलगा. धुळीबद्दल बोलतोय असं वाटलं, चोराच्या मनात चांदणं. तरी हात मोजले. मायचा डावा हात सुपाखाली. उजवा माझ्या पोटावर. आणि सुपाच्या कडेवर, सावलीत, आणखी एक, बायकी. बोटं, अंगठा, मनगटापर्यंत. पुढे काहीच नाही. पुढे पडदा.

तिसरा हात!

मोठा करून पाहिला. मग पडदा पाहिला. पानांची नक्षी सगळीकडे सारखी येते, पण त्या हाताच्या वर, पुरुषभर उंचीच्या पट्ट्यात, पानं वाकडी. हातानं रंगवलेली. माझं पोट नक्षीवर चालतं, काठाला काठ जुळला नाही तर मला दुरून दिसतं. आणि घरच्या फोटोत पंचवीस वर्षं दिसलं नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कोणीतरी उभं होतं तिथे. पुसलंय. पण हात का ठेवला? रंगवायचा राहिला? विसरला?

अक्षयला लिहिलं, ‘मी नाही रे बाबा. माझ्याही आधी कोणीतरी हा खेळ खेळलंय.’ अर्ध्या तासात तिघांची उत्तरं! सगळे आता होडी-चंद्र सोडून हाताच्या मागे.

१८ फेब्रुवारी

आज मायला विचारलंच. फोटो तिच्यापुढे धरला, हाताच्या वरच्या जागेवर बोट ठेवलं. ‘‘ही बाई कोण गं?’’

चष्मा नव्हता. फोटो डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. ‘‘ती? ती अनुसया.’’

‘‘कोण अनुसया?’’

‘‘जुनी गोठ शे. ऱ्हाऊ दे.’’

मी कुठली राहू देतेय! पाय पसरून पुढ्यातच बसले. मग तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता, एकेक सांगत गेली.

‘‘तुना पहिले तीन गयात. एक बी सटीले टिकं नही.’’ सटी म्हणजे पाचवी-सहावीची पूजा, हे मला ठाऊक. तीन गेली, हे ठाऊक नव्हतं. तीन! मला कधी कोणी सांगितलं नाही. ‘‘मंग तुले सुपमा घालं, नि अनुसयाना उंबरठावर ठेवं. तिनी मूठभर कोंडा दिधा, तुले इकत लिधं. नाव बी तिनीच ठेवं. मंग तू तिनी. मनी नही.’’

‘‘पण का?’’

‘‘ज्याले नेवानं ऱ्हास, त्याले कळाले नको, पोर कोनी शे.’’

न्यायला येणाऱ्याला कळू नये, पोर कोणाची. हे तिनं इतकं साधं सांगितलं, जणू दूध उतू जाऊ नये म्हणून झाकण ठेवलं. अनुसयाबाई आमच्या बमरोलीच्या चाळीतच, समोर राहायच्या. पुढे कतारगामला गेल्या, तिथेच वारल्या. मूलबाळ नव्हतं.

म्हणजे सूप कळलं. पण मला विकत घेणाऱ्या बाईला फोटोतून पुसलं कोणी? भांडण झालं? त्या मला परत देईनात?

आणि एक विचार, जो इथेच लिहिते, बाहेर बोलणार नाही. हे विकणं खोटं होतं, असं माय एकदाही म्हणाली नाही. ‘लोकेसनी आंडेर’ ही थट्टा नसेल तर? तीन गेली, चौथी समोरच्या बाईकडून आणली, असं असेल तर?

आज मायचं नाक आरशात माझ्या नाकाशी ताडून पाहिलं. काही ठरेना. नाकं सगळी सारखीच असतात.

१९ फेब्रुवारी

पल्लवीनं विचारलं, ‘हात कोणाचा, कळलं का?’ अजून नाही, लिहिलं. मतं पडली, पल्लवी जिंकली. कोणाचं लक्ष नाही जिंकण्याकडे.

काठ बसवताना दोनदा चुकले. शेठ म्हणाले, ‘‘तबियत सारी नथी?’’ तब्येत ठीक आहे म्हटलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

फोटोमागे स्टुडिओचा शिक्का होता. स्टुडिओची आता झेरॉक्स झालीय, पण मालक तेच, सुकदेवकाका. पलीकडच्या गल्लीत. इतकी वर्षं त्यांच्याकडून मार्कशीटच्या झेरॉक्स काढतेय!

त्यांनी फोटो बघितला नि पडद्यालाच हसले. ‘‘हा माझाच पडदा. आणि ही पानं बी माझीच, ब्रशनं काढलेली. फोटोवर रंगवायचं नि त्याचा परत फोटो काढायचा. तुमच्या कॉम्प्युटरवानी नाही, चार दिवस जायचे. हे ध्यानात आहे बरं मला.’’

‘‘इतक्या वर्षांनी?’’

‘‘तर! लोक यायचे, मेलेल्याला फोटोत आणा म्हणायचे. भांडलेल्या जावेला काढा म्हणायचे. पण जिला पुसलं तिनंच येऊन ‘मला पुसा’ म्हणायचं, असं एकदाच झालं. मी म्हटलं, बाई, चांगली दिसतेस की! नाही म्हणाली, मी दिसायला नको. पैसे देऊन गेली, नि परत दारातून फिरली. म्हणाली, हात तेवढा राहू द्या.’’

‘‘का?’’

‘‘ते मी कशाला विचारू? माझं काम रंगवायचं.’’

नाव आठवत नाही म्हणाले. चेहराही नाही. पुसणाऱ्याला कुठून आठवणार!

घरी येताना डोक्यात एकच. अनुसयाबाईंनी स्वतःला का पुसून घ्यावं? ज्यांनी मला घेतलं त्या तर दिसायलाच हव्यात. पोर त्यांची, असं ज्याला कळवायचं त्याला कळायला नको का? उलटंच झालं की हे! जिची पोर नाही ती दिसतेय आणि जिची—

२२ फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर मला वाटत होतं तेच आहे का ते बघायला लवकर गेले. शेठ यायचे होते. फोटो पुन्हा स्कॅन केला. या खेपेला धूळ झटकली नाही.

सुपाच्या कडेवरचा हात मोठा केला. अंगठ्याच्या मुळाशी ती रांगोळी आहे. चार कोपऱ्यांत चार ठिपके. मधे एक.

धूळ नव्हती ती, मायचं गोंदण होतं. मीच पुसलं होतं.

खुर्चीवरची माय नव्हेच, ती अनुसयाबाई. माय पडद्यामागे आहे, पानांच्या खाली, माझ्याजवळ उभी. मंडळाला काय कळवू? काही कळवलं नाही.

संध्याकाळी सरलाबाई दळणाचं भांडं परत द्यायला आल्या. सोबत त्यांची गावाहून आलेली बहीण. तिनं मला विचारलं, ‘‘कोणाची गं तू?’’ माय तव्याशी बसली होती. तिनं तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, ‘‘लोकांची. ही नुसती सांभाळते.’’

मायचा हात भाकरीवर थांबला. मग तिनं भाकरी उलटली.