अवधूतचे नऊ डावे दस्ताने

लातूर, रविवार, दि. १८ फेब्रुवारी २०२४

ती. शिवमूर्ती दाजी यांस,
सिद्धेश्वरचा नमस्कार.

काल नांदेडला जाऊन आलो. आज पूजा झाली, वरणभात केला, दुपारी झोप लागली नाही म्हणून लिहायला बसलो. मंजुश्रीताईचा गुडघा आणि तुमचा रक्तदाब कसा आहे? फोन करत नाही, कारण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि ताई शेजारीच असते. नांदेडात येऊन घरी आलो नाही, राग मानू नये. (ताईने जेवल्याशिवाय सोडलं नसतं आणि पिशवीत काय आहे तेही विचारलं असतं.)

अवधूत जाऊन दोन महिने झाले. माझा धाकटा भाऊ आयटीआयमधून शिकवून आल्यावर मागच्या खोलीत काय ठोकत बसतो, हे मी बारा वर्षांत त्याला नीट विचारलं नाही. युरोपात काही हौशी लोक सुटीच्या दिवशी जुन्या सरदारांसारखं लोखंड अंगावर चढवून एकमेकांना बडवतात, त्यांच्यासाठी तो लोखंडी दस्ताने करतो, इतकंच ठाऊक होतं. दिवसकार्य आटोपल्यावर ट्रंक उघडली. आत नऊ दस्ताने. बोटांवर पत्र्याचे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, आतून चामडं. काम सुरेख. पण नऊच्या नऊ डाव्या हाताचे.

उजवे कुठे गेले? माझा संशय सरळ मुज्तबावर गेला. (नांदेडच्या इतवाऱ्यात पत्र्याचं काम करणारा, अवधूतचा भागीदार.) कारणं होती. मातीला तो माझ्याहून जास्त रडला, आणि जाताना कानाशी म्हणाला, "सर, ट्रंकेतलं सामान कुनाला दाखवू नका." म्हणून तर तुम्हाला त्याच्या दुकानावर लक्ष ठेवायला सांगितलं. तुम्ही तीन दिवस त्याच्यासोबत चहा पिऊन दोस्ती केलीत आणि वर धान्याची कोठी दुरुस्त करून आणलीत. मग मलाच निघावं लागलं.

गेल्या रविवारी एक डावा पिशवीत घालून एसटीत बसलो. अहमदपूरच्या पुढे पिशवी कलंडली आणि लोखंडी बोटं बाहेर आली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, हे काय हाय?" मी म्हणालो, "भावाचा हात." त्या लोहा स्टँडपर्यंत उभ्यानेच आल्या.

दुकानात शिरून मी दस्ताना त्याच्यासमोर आपटला आणि गप्प उभा राहिलो. (पोलिसांसारखं करायचं होतं, पुढचं सुचलं नाही.) मुज्तबाने शटर अर्धं ओढलं. मी घाबरलो. त्याने आतून पेटी आणली. नऊ उजवे.

"मी तर तुमच्यावरच शक करून राहिलो होतो, सर," तो म्हणाला. "भंगारात घालतेत की काय डावे! म्हनून तर कुनाला दाखवू नका म्हनलो."

मग त्याने समजावलं. दस्ताना आपल्याच हातात घालायचा, एकेक बोट वळवून पत्रा कुठे अडतो ते बघायचं आणि तिथेच हातोडी मारायची. अवधूतची हातोडी उजव्या हातात, म्हणून त्याचे सगळे डावे. मुज्तबा डावखुरा, म्हणून याचे उजवे. "बारा साल बरोबरीनं केले. एक पुढं न्हाई, एक मागं न्हाई. आता माझ्या एका हाताचं काय करू?" मी पाणी मागितलं.

तयार होतील तेवढ्या जोड्या पाठवायचं ठरलं. काल उरलेले डावे नेऊन दिले. मुज्तबा सरळ माणूस आहे, माझा संशय फिटला, असं ताईलाही सांगावं.

आपला,
सिद्धेश्वर

ता.क. – ट्रंकेत नऊ होते, तरी मी मुज्तबाला आठच सांगितले. एकाच्या आतल्या चामड्यावर अवधूतच्या तळव्याचा काळा डाग पडलाय. तो युरोपात कशाला? मुज्तबाने विचारलं, तर तुम्हाला काही माहीत नाही.

ता.क. २ – पेटीतले उजवे मी स्वतः नऊ मोजले होते. काल त्याने पेटी माझ्यासमोर उघडली, तर आठच. "बराबर जमलं बघा," म्हणाला. मी पेटीला दोरी बांधली. त्याने गाठीवर बोट धरलं. तरी लक्ष असू द्या.

ता.क. ३ – पत्र लिहिलं ते यासाठी. चहा पिताना मुज्तबाला सहज विचारा, घरात ठेवलेल्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून कोणतं तेल लावतात. कोठीसाठी विचारतोय म्हणा. उत्तर पत्रानेच कळवा. तोवर खोबरेल लावतोय. आता बसतोच. एकेक बोट वळवून सांध्यात लावावं लागतं, वेळ जातो.