काकांची कात्री आणि माझी मध्यस्थी

२ फेब्रुवारी, सोमवार
वाद मिटला तर दोन्ही पक्षांचं काय नुकसान होईल? मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकते त्या मॅडमनी आज हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. आता घरी येऊन जेवले तरी येत नाही. वाद मिटल्याने कोणाचं नुकसान कसं होईल? मॅडमची वकिली खूप वर्षांची आहे. थकव्याने माणूस असं बोलत असावा.

विषय निघाला तो मीच काढला म्हणून. ऑफिसात सांगितलं की मी एक वाद स्वतंत्रपणे हाती घेतेय. भाडेकरार, वारसा आणि भागीदारीचा धंदा, तिन्ही एकाच प्रकरणात. पक्षकारांची नावं सांगितली नाहीत. गोपनीयता. शिवाय पक्षकार म्हणजे माझे बाबा आणि काका, हे कळल्यावर प्रकरणाचं वजन कमी होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार
हकिकत नीट लिहून ठेवते. आजोबा गेल्या वर्षी गेले. शिंपीकामाचं दुकान भाड्याचं, करार आजोबांच्या नावावर. जागेचे मालक म्हणतात, महिनाअखेर नवा करार करू, पण एकच नाव द्या. नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. काका थोरले, ते कापड बेततात. बाबा धाकटे, ते शिवतात. दिवसभर एकाच टेबलाच्या दोन बाजूंना असतात आणि मी शाळेत होते तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते दोघांनाही धड सांगता येत नाही.

आजवर निरोप माझ्यामार्फत जायचे. टेबलाखाली बसून मी पाढे पाठ करायचे आणि मध्येच डोकं बाहेर काढून सांगायचे, बाबा, काका म्हणतात खिसा उजवीकडे. काका, बाबा म्हणतात दिसतंय मला.

आता मी घरातली पहिली पदवीधर आहे. निरोप्याचं काम संपलं. आता रीतसर मध्यस्थी. कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे.

नियम लिहून दुकानात आरशाशेजारी चिकटवले. मध्यस्थ तटस्थ राहील. प्रत्येक पक्षकाराशी स्वतंत्र बैठक होईल. आणि मुख्य म्हणजे, स्वतंत्र बैठकीत बोललेलं भिंतीलाही कळणार नाही. काकांनी कागदाला नाक टेकेपर्यंत वाकून ते वाचलं आणि म्हणाले, "भिंतीलाच चिकटवलंस की गं."

विनोदाने पक्षकार ताण कमी करतात. कोर्समध्ये सांगितलं होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
काकूंनी चहा आणला. तटस्थतेमुळे नाकारला. काकूंनी विचारलं, मग सकाळी आईच्या हातचा डबा कसा चालला? मुद्दा बिनतोड होता. आता समतोल राखायला दोन्हीकडचा चहा घेते. दुपारपासून पित्त.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिल्या स्टायपेंडमधून काळा कोट घेतला. रेडीमेड. काचेची दारं असलेल्या मोठ्या दुकानातून. ऑफिसच्या कपाटातच ठेवलाय. घरी दोन-दोन शिंपी असताना बाहेरून कोट घेतला, असं कोणी म्हणू नये म्हणून नाही. त्या दोघांना कामाचा ताण आहे म्हणून.

ऑफिसात कोणीतरी वडील काय करतात विचारलं होतं. मी "गारमेंट्स" म्हटलं. हे खोटं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
पक्षकार क्रमांक एक (बाबा) यांच्याशी स्वतंत्र बैठक, स्वयंपाकघरात. आईला बाहेर बसवलं. तिने दाराबाहेरून विचारलं की कुकर कोण बंद करणार, पक्षकार की मध्यस्थ.

बाबा बराच वेळ बोटाला दोरा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, करार दादाच्या नावावर कर. दादाचे डोळे गेलेत. बेतलेलं कापड अंगठाभर डावीकडे जातं. बाबा शिवताना गुपचूप तो अंगठा आत घेतात. गिऱ्हाइकाला कळत नाही, दादालाही नाही. उद्या डोळे आणखी गेले तर त्याला दुसरीकडे कोण उभं करणार? दुकान त्याच्या नावावर असलं की त्याला कोणी ऊठ म्हणणार नाही.

नोंद: पक्षकार एक जबाबदारी टाळत आहेत.

९ फेब्रुवारी, सोमवार
पक्षकार क्रमांक दोन. काका म्हणाले, धाकट्याच्या नावावर कर. दुकान त्याच्या हातावर चालतं. मी काय, आज आहे, उद्या नाही. त्याच्या म्हातारपणी कोणी येऊन त्याचं मशीन रस्त्यावर काढायला नको.

नोंद: पक्षकार दोनही जबाबदारी टाळत आहेत. कोणालाच जागेत रस नाही. प्रकरण वाटलं त्याहून गंभीर आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
तोडगा सापडला. दुकानाचे दोन भाग, मध्ये पडदा. मालकांना भेटून दोन स्वतंत्र करारांबद्दल विचारलं. ते म्हणाले, करा बाई काय ते, पण महिनाअखेर सही हवी. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात. इथे तिसरी मी, आणि मला काहीच नको आहे. हे मॅडमना सुचणार नाही.

एक किरकोळ अडचण. बाबांना बेतता येत नाही आणि काकांना मशीन चालवता येत नाही. आजोबांनी एका मुलाच्या हातात कात्री दिली, दुसऱ्याच्या पायाखाली मशीन, आणि दुसरं काम दोघांनाही शिकवलं नाही. आजोबांचं नियोजन कच्चं होतं. एकेका रविवारात शिकून होईल.

आईने विचारलं, मग पॅन्ट इकडे कापून तिकडे काय पडद्यावरून फेकायची? तिला समजावून सांगितलं. ती भांडी घासत राहिली.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी
आज संयुक्त बैठक. मसुदा चार पानी झालाय. "पार्श्वभूमी" हा भाग विशेष उतरलाय. पक्षकारांच्या मनातलं एकमेकांसमोर यावं म्हणून सगळं सविस्तर घेतलंय. काहीही लपवलेलं नाही.

१५ फेब्रुवारी. संध्याकाळी
वाचलं.

परिच्छेद तीनपर्यंत ठीक होतं. परिच्छेद चार: "पक्षकार क्रमांक दोन यांची दृष्टी अधू झाली असून त्यांनी बेतलेले कापड अंगठाभर डावीकडे जाते. पक्षकार क्रमांक एक ही चूक त्यांच्या नकळत शिवणीत दुरुस्त करतात." हे मी मोठ्याने, स्पष्ट उच्चारात वाचलं. काकू दारात होत्या. बटणं लावून घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक बाकावर होतं.

काकांनी गळ्यातली टेप काढली. तिची नीट गुंडाळी केली, टेबलावर ठेवली. चपला पायाने चाचपून शोधल्या. गेले.

मी बाबांना म्हटलं की पारदर्शकता सुरुवातीला टोचते. बाबा म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं. दुकानाला नव्हतं सांगितलं."

नियमांचा कागद आरशाशेजारी तसाच आहे. तिसरा नियम ठळक अक्षरात आहे. मीच ठळक केला होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार
काका दुकानात आले नाहीत. पक्षकाराला विचाराला अवधी लागतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
विचार करत नाहीयेत. पडून आहेत, काकू म्हणाल्या. चहा दिला नाही. मी मागितलाही नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
लेखी माफीनामा तयार केला. दीड पान, चार मुद्दे. काकूंच्या हाती दिला. थोड्या वेळाने परत आला, सोबत निरोप: मला दिसत नाही असं तूच लिहिलंयस ना, मग वाचू कसा?

आई म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूची आहेस? म्हणाली, तू तटस्थ आहेस ना, तुला काय करायचंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार
पडदा मी लावून घेतला, पण पलीकडे कोणी नाही. पडद्याआड कात्री टेबलावर तशीच. बेतायचं कापड टेबलाखाली साचलंय, मी पाढे म्हणायचे त्या जागी. गिऱ्हाइकांना बाबा "दादा आजारी आहे" सांगतात. मी कात्री त्यांच्या पुढे सरकवली आणि म्हटलं, एक पायजमा तरी करून बघा. त्यांनी ती उचलली, पुसली, परत पडद्याआड ठेवली.

मग बाबा अर्धवट राहिलेल्या कामाची शिवण उसवत बसले. काम नव्हतं म्हणून मशीनला तेल दिलं. दोनदा.

२३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात मॅडमनी विचारलं, तुझ्या त्या मोठ्या प्रकरणाचं काय झालं? मी म्हटलं, चर्चा चालू आहे. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून लिहिता येत नाहीये. पण प्रश्न चुकीचा नव्हता. भांडण चालू होतं तोवर दुकानही चालू होतं. ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि एकमेकांना सांभाळत होते. मी येऊन बोलायला लावलं.

कोट कपाटात लटकतोय. खांदे अगदी नीट बसतात. बघवत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार
मालक येऊन गेले. तेच म्हणाले, तुमचे वडील मला म्हणतात भावाचं नाव घाला, काका म्हणतात भावाचं घाला; म्हणून तर मी म्हटलं होतं, आधी एक नाव ठरवा. इतका वाद होता. एवढाच. हे मी दोन बैठका घेऊन, दोन्ही वेळा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि "जबाबदारी टाळत आहेत" असं लिहिलं होतं. मागची पानं उलटून पाहिलं. माझंच अक्षर आहे.

मालकांना म्हटलं, दोघांची नावं एकाच करारात चालतील का? म्हणाले, मला काय, भाडं एकच येणार. पण दोघांनी समोर बसून सही करायची. आणि काका घराबाहेर पडत नाहीत.

पडदा काढला. पायपुसणं म्हणून आईला दिला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅडम म्हणाल्या, सोमवारी सुनावणीला तू उभी राहा, मी बाजूला बसेन. आयुष्यातलं पहिलं उभं राहणं. कोट आणलायस ना, विचारलं. हो म्हटलं.

येताना कोट घरी आणला. पहिल्यांदाच.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी दुकानात गेले. कोट टेबलावर पसरला. बाबांनी कॉलरमागची काचेच्या दुकानाची पट्टी वाचली आणि मशीनकडे वळले. ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी काकांची कात्री घेतली आणि उजवी बाही कापली. खांद्यापासून. बाबांचं मशीन थांबलं.

कोट आणि बाही घेऊन काकांकडे गेले. माफीनामा नव्हता. म्हटलं, काका, सोमवारी मला कोर्टात उभं राहायचंय आणि कोट नाही.

त्यांनी बाही हातात घेतली. कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत. "ही काय दातांनी तोडलीस?" मग त्यांनी विचारलं, "माझ्या कात्रीने?" हो म्हटलं. ते उठून चपला शोधू लागले. काकूंनी पायाने सरकवून दिल्या.

दुपारभर दुकानात मी दोघांच्या मध्ये हात पसरून उभी होते. काका म्हणाले, बाबाला सांग, खडू जाड ओढ. बाबा, काका म्हणतात खडू जाड ओढा. दादाला सांग, जाडच ओढलाय, आणि कापताना अंगठा उजवीकडे धर. हे ऐकून काका थांबले. मला वाटलं, टेप पुन्हा टेबलावर येते. मग म्हणाले, त्याला सांग, धरतो.

संध्याकाळी मालकांसमोर सह्या झाल्या. पहिलं नाव कोणाचं यावर अडलं. दोघंही कागद एकमेकांकडे सरकवत होते. मी मध्ये पडले नाही. शेवटी मालकांनीच कंटाळून बोट ठेवलं, इथे तुम्ही, इथे तुम्ही.

कोट होतोय. उजवा खांदा किंचित वर आहे, मला आरशात दिसला. नियमांचा कागद तिथून काढलाय. ऑफिसात कोणी विचारायच्या आधीच मॅडमना फोन करून सांगून टाकलं: माझे बाबा आणि काका शिंपी आहेत, कोटाची बाही त्यांनी शिवलीय.

आईला वाटतंय, मी बाही मुद्दाम वाकडी कापली, काकांना राहवू नये म्हणून. काकूंनाही तसंच वाटतंय. आज दोन कप चहा मिळाला. त्यांना काही सांगितलं नाही. इथे लिहिते. मी सरळच कापायला गेले होते.