एकच पान

मास्तर, तुम्ही दिलेली पोथी अजून आमच्या भिंतीतल्या देवळीत आहे. सातवी पास झालो तेव्हा शाळेच्या पडवीत ती माझ्या हातात ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "सलग वाच रं. ओवी म्हंजे औषधाची पुडी न्हवं, एक काढली नि गिळली." मी मान डोलावली आणि पुढं तीस वर्षं नेमकं तेच केलं. गावात कुणाचं काही अडलं की माझ्याकडं येतात. मी डोळे मिटून पानांत तुळशीची काडी घालतो, निघेल त्या ओवीचा कौल सांगतो. हल्ली मिरजेच्या स्टेशनावर तशा पुस्तिकाच मिळतात. एकेक ओवी सुटी छापलेली, खाली 'धंद्यात यश', 'संसारात सुख'. मीही एक आणली.

गेल्या महिन्यात धाकट्या मुलीनं मिरजेच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला जायचं काढलं. इंग्रज सरकारच्या लढाईमुळं तिथं मुली हव्या आहेत. बायको म्हणाली, जाऊ द्या. मी म्हटलं, पोथीला विचारू. काडी घातली, तर निघालं, आहेस तिथंच स्थिर राहा. मुलीनं हात पुढं केला. मग म्हणते, "आबा, द्या बघू हिकडं." तिनं पोथी मिटून काडी घातली. तेच पान. पुन्हा घातली, तेच.

"आवं, हितली शिवण उसवलीया. दुसरीकडं उघडंलच कशी? पाटलाच्या पोराला पलटणीत जाऊ नगं म्हणालासा, ते बी ह्येच पान. त्यो गेला नि हवालदार झाला."

चुलीपासून बायको म्हणाली, "तरीच समदं गाव जाग्यावर बसलंय!"

मला राग यायला हवा होता, पण गावाच्या निर्णयांचा छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं झालं. त्या दिवशी मी प्रथमच त्या ओवीच्या मागचं-पुढचं वाचलं. ती जपाला बसलेल्या मनाला सांगितलेली आहे, मिरजेच्या गाडीला निघालेल्या पोरीला नाही.

परवा तिला गाडीत बसवून आलो. काल एकजण बैल विकू का विचारायला आला. म्हटलं, तुझ्या बायकोला विचार. तो जरा नाराज होऊन गेला.

तुम्ही आता हयात नाही, हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून घरात न सांगितलेलं तुम्हाला सांगतो. ते पान निघालं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पोरीनं जाऊ नये असं मलाच वाटत होतं, मास्तर, आणि तसं तिला सरळ म्हणायची माझी छाती झाली नाही.