स्वराचं खाल्लेलं जातं कुठं?

सोम., ३ नोव्हें.
अंगणवाडीत वजनं घेतली. स्वराचं परत उतरलं. चार वर्षांची पोर, या वयात काटा वर जायला हवा. काट्यावरच संशय आला म्हणून तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवून पाहिली. बरोबर पाच. ताप नाही, जुलाब नाही. दंड एवढासा झालाय, बघवत नाही.
माझा आज सोळातला बारावा सोमवार. लेकीच्या, प्रियाच्या पोलीस भरतीसाठी धरलेत. दिवसभर चहावर.

मंगळ., ४
स्वराने खिचडी दोनदा मागून घेतली, ताट पुसून खाल्लं. मग वजन उतरतं कसं? कुठंतरी पाणी मुरतंय.

गुरु., ६
दत्ताचा गुरुवार, उपास. जेवणानंतर बादलीत लई खिचडी दिसली. मंदा, आमची मदतनीस, डब्यात भरत होती.
"काय गं?"
"खरकटं हाय बाई. कोंबड्यांस्नी."
एवढं खरकटं? कुंपणच शेत खातंय. पोरांना कमी वाढते नि डबे भरते. उद्यापासून वाढणं माझ्याकडं.

शुक्र., ७
मी वाढलं. स्वरा पोटभर जेवली. म्हणजे माझं खरंच निघालं! मंदी तोंड फुगवून भांडी आपटत होती. "माझ्यावर नजर ठिवताय व्हय?" म्हटलं, नाही गं. सरळ थाप.

शनि., ८
मारुतीचा उपास. आजही मीच वाढलं. मोबाईलवर हजेरी भरत बसले, तोवर स्वराचं ताट रिकामं. पण ओठ कोरडे ठाक, खिचडीचा कणही नाही. आता मंदी नाही, तर घरून काहीतरी खाऊन येत असणार.
सुटल्यावर स्वराच्या घरी गेले. आईबाप भात झोडायला खाचरात, घरी आजी हौसाबाई. मी सरळच विचारलं, दुकानातल्या खाऊच्या पुड्या देता का म्हणून. म्हातारी उसळली. "बाई, आमच्या घरात पुडी येत न्हाई. दुपारी भाकरी म्होरं केली का पोरगी म्हणती, साळंत जेवले. तुमीच काय खायला घालता ते सांगा!"
तोंडात मारल्यासारखं झालं. पण म्हातारीचा भरवसा नाही. फळीवर, फडताळात डोळे फिरवून आले. पुडी दिसली नाही.

सोम., १०
मोबाईल पिशवीत टाकला, नजर स्वरावर.
तिनं पहिल्यांदा शेजारच्या पोराच्या ताटात खिचडी सरकवली. उरलेली उठून बादलीत. मग जागेवर आली, झगा सारखा केला, मांडीवर हात ठेवले. आणि पोरांना म्हणते, "खा बरं का, सांडायचं न्हाई. सगळं संपवायचं."
माझे शब्द. आवाजसुद्धा माझा.
जवळ घेतलं. "भूक नाही का गं?"
"लई लागलीया."
"मग?"
"बाई, आज सोमवार न्हवं का? आपला उपास."
आपला!
सोमवार, गुरुवार, शनिवार. तीन वार मी ताट न घेता पोरांसमोर बसते आणि खा खा म्हणते. गाव धुंडाळलं, म्हातारीचं फडताळ तपासलं, आणि चोर मीच. रडू आलं.
प्रिया रोज सकाळी धरणाच्या रस्त्याला पळते तर ही पोरं तिच्यामागं पळत सुटतात. कुणी सांगावं लागत नाही. पळणं तिचं उचललं, उपास माझा.

मंगळ., ११
मंदाला सगळं सांगितलं, चुकले म्हटलं. तिनं हात झटकला. "जाऊ द्या. म्या म्हटलं, बाईंस्नी कोंबडीचं अंडं पायजे आसंल." हसली, पण बोचलंय तिला.
स्वराला समजावलं, लहान पोरांनी उपास करायचा नसतो. म्हणते, "मी लहान न्हाई. मी बाई हाय."

गुरु., १३
पोरांच्या पंगतीत ताट घेऊन बसले. दत्ताची माफी मागितली आणि खिचडी खाल्ली. स्वरा टक लावून बघत होती. म्हणाली, "आ करा." मी आ केला. जीभ वर करायला लावली. आता ती माझ्यावर संशय घेते! खात्री पटली, मग जेवली. शनिवारीही असंच करणार.

रवि., १६
प्रियाला एसटीत बसवलं, पुण्यात मावशीकडं राहील. बुधवारी भरतीचं मैदान, पळण्याची परीक्षा. शेवटचं वर्ष आहे तिचं, पुढं वयात बसत नाही. पाया पडली आणि म्हणाली, "आई, आता दोनतीनच राहिलेत. सोमवार चुकवू नको गं. तेवढाच धीर हाय मला."
हे म्हणाले, "उद्या रजा टाक. पोरांम्होरं जायचंच न्हाई." पण मी नसले तर स्वरा ओळखेल. आज सोमवार, बाई उपाशी घरी बसली असेल, असंच म्हणेल. घास घेऊन थुंकावा म्हटलं, तर ती जीभ तपासते.

सोम., १७
सकाळी दिवा लावला. हात जोडले पण मागितलं काहीच नाही.
पंगतीत बसले. स्वराने ताटाला हात लावला नव्हता, माझ्याकडं बघत होती. मी खाल्लं. सबंध ताट. चव कळली नाही. तिनं आ करायला लावलं आणि मग जेवायला लागली. पुन्हा मागून घेतलं.
संध्याकाळी प्रियाचा फोन. "आई, सोमवार नीट झाला?"
म्हटलं, "झाला."
"मग काय टेन्शन न्हाई," म्हणाली आणि हसली.
परवा सकाळी सहाला पळायचंय तिला. देवा, राग धरायचा तर माझ्यावर धर. तिच्या पायांवर नको.